नळी वर घेतली तेव्हा

विहीर म्हटलं की आम्हा कोकणातल्या माणसांना दगडी काठ आणि रहाट आठवतो. नॉर्थ कॅरोलायनात नोकरीला लागल्यावर पहिल्यांदा ज्या 'वेल'वर पाठवलं, ती निघाली भूजल तपासायला पेट्रोल पंपाच्या डांबरात बसवलेली 4 इंची पीव्हीसी नळी, वर लोखंडी झाकण. माती मात्र थेट रत्नागिरीची, लालभडक. जांभाच वाटला, पण बोटांत चोळल्यावर कळलं की चिकणमाती आहे. तिच्या खाली कुजलेला खडक: जुन्या रेघा शाबूत, पण नखाने कोरता येईल इतका मऊ.

जमिनीखालची गळकी टाकी कधीच काढली होती, गळलेलं पेट्रोल मात्र तिथंच. ते पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे भूजलावर तरंगतं. प्रोब, म्हणजे पेट्रोल आणि पाण्याची पातळी मोजायचं साधन, वेलमध्ये सोडला तर 21 फुटांवर पेट्रोल लागलं, थर 1.3 फूट. वेलमध्ये थर सहसा बाहेरच्या मातीतल्यापेक्षा जाड दिसतो, हे माहीत असूनही पोटात गोळा आला. पिण्याच्या पाण्यात बेन्झीनची (पेट्रोलमधला विषारी घटक) अमेरिकेतली केंद्रीय मर्यादा लिटरला 5 मायक्रोग्रॅम, आणि या राज्याचा भूजलाचा निकष तर फक्त 1.

सकाळी सातला व्हॅक्यूम ट्रक आला, वेलमधलं पेट्रोल आणि त्याची वाफ ओढून काढायला. काम आठ तासांचं. ट्रकला अर्थिंगची वायर लावली, ओढलेली वाफ बाहेर सोडणारा पाइप उंच उभा केला, वेलच्या तोंडाला रबरी सील बसवून आत बारीक नळी सोडली. ती किती खोल ठेवायची हे मी ठरवायचं होतं. जास्त खोल म्हणजे जास्त माल, असा माझा हिशोब. तळाजवळ सोडली.

तासभर ट्रकच्या टाकीत नुसतं पाणी पडत राहिलं. वाफेच्या पाइपवरचं, वाफेतलं पेट्रोल मोजणारं मीटर ढिम्म. जवळजवळ निवृत्तीला आलेला ड्रायव्हर हे सगळं बघत होता. शेवटी म्हणाला, "पोरा, तू विहीर उपसतोयस. वर घे."

नळीचं तोंड द्रवाच्या पातळीला आणलं आणि आवाजच बदलला, सरबत संपताना स्ट्रॉ करते तसा. निव्वळ ओढीने पाण्याचा सलग स्तंभ जास्तीत जास्त 10 मीटरच्या आसपास चढतो, प्रत्यक्षात त्याहून कमीच. हवेत मिसळून तुटक तुटक आलं तर ती अडचण राहत नाही. पण खरी गंमत वेगळीच. पावसाळी-कोरड्या ऋतूंत पाणी वरखाली होताना पेट्रोल मातीला माखून बसलेलं असतं. पातळी जरा खाली ओढली की तो माखलेला पट्टा उघडा पडतो, त्यातून हवा धावते आणि पेट्रोल वाफ होऊन निघतं. मीटरचा आकडा एकदम हजारांत गेला.

दर अर्ध्या तासाला हवेचा प्रवाह आणि वाफेचं प्रमाण लिहायचं. जुलैचं ऊन, सावली फक्त ट्रकची. संध्याकाळी बेरीज केली: टाकीत पाण्यावर तरंगणारं पेट्रोल जेमतेम 6 गॅलन, वाफेतून गेलेलं सुमारे 20. डोळ्यांना दिसलं ते थोडं, न दिसता गेलं तेच जास्त. माझ्या खोल नळीने पहिला तास वाया घालवला नसता तर आणखी थोडं गेलं असतं. ते रिपोर्टमध्ये लिहिलं नाही, इथे लिहितोय.

निघताना प्रोब सोडला. पेट्रोल शून्य. मी खूश, पंपाचा मालक तर माझ्याहून खूश. ड्रायव्हर होस गुंडाळत म्हणाला, "दोन आठवड्यांनी मोज."

दोन आठवड्यांनी थर 0.4 फूट. मातीच्या बारीक पोकळ्यांतलं हळूहळू परत झिरपलं होतं. मालकाने विचारलं, "त्या दिवशी तर शून्य होतं ना?" पोकळ्या, माखलेला पट्टा, सगळं समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, पुढचा ट्रक कुठल्या तारखेला, म्हणजे त्या दिवशी तो कडेचे दोन पंप बंद ठेवेल.

त्या वेळी नळी पहिल्यापासून पातळीला होती.