घर्षण उतरलं, कोटिंगही उतरलं

टॅपेट म्हणजे कॅमच्या दाबाने इंजिनची झडप उघडणारा भाग. आमच्या लॅबमध्ये टॅपेटांचा खोका उघडला तेव्हा आधी नजर गेली ती रंगाकडे. डीएलसी, म्हणजे हिऱ्यासारख्या कठीण कार्बनचा पातळ थर, चढवलेला भाग काळाभोर, तुळतुळीत असतो. इंजिन टेस्ट बेंचवर ३०० तास चालून आलेल्या या १६ पैकी १४ टॅपेटांच्या डोक्यावर मधोमध चांदीसारखा गोल चट्टा पडला होता. टॅपेट कॅमखाली चालताना स्वतःभोवती हळूहळू फिरत राहतं, म्हणून झीजही गोल पडते. उरलेली दोन मात्र जशीच्या तशी काळी. सोबतच्या पत्रात निकाल आधीच लागलेला: कोटिंग निघालं आहे, सप्लायरकडून पैसे वसूल करायला डेबिट नोट काढायची आहे, चिकटपणाचा रिपोर्ट द्या.

'निघालं' या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात आणि पैशांचं भांडण नेमकं तिथेच अडतं. कोटिंग सुटलं असेल तर कड फुटलेली, दातेरी दिसते आणि तिथे सरळ पायरी पडलेली असते. झिजलं असेल तर कड उताराची असते आणि थर अगदी पातळ झालेल्या जागी निळे-तपकिरी पट्टे दिसतात, पाण्यावर तेलाचा तवंग पसरावा तसे. या टॅपेटांवर ते पट्टे साध्या भिंगातूनही दिसत होते.

तरीही चाचणी केलीच. न झिजलेल्या कडेवर रॉकवेल सी चा हिरा १५० किलोच्या भाराने पाच ठिकाणी दाबला आणि खळग्याची कड १०० पट मोठी करून पाहिली. एचएफ१ ते एचएफ६ या श्रेणीत चारपर्यंत चालतं. पाचही खळगे एचएफ१, केसासारख्या बारीक भेगा, कुठेही कपचा नाही. मग जाडी. ३० मिमी व्यासाचा पोलादी गोळा हिऱ्याच्या पेस्टमध्ये फिरवून वाटीसारखा खड्डा घासायचा आणि त्यातली दोन वर्तुळं मोजायची. बाहेरचं ०.९० मिमी, आतलं ०.७० मिमी. वर्गांची वजाबाकी ०.३२, तिला गोळ्याच्या व्यासाच्या चौपटीने, म्हणजे १२० ने भागलं की ०.००२७ मिमी. ड्रॉइंगवर २ ते ३ मायक्रॉन मागितले होते, हे २.७ निघाले. कोटिंगवाल्याने काम चोख केलं होतं. खरेदी खात्याला हे पटवायला दोन आठवडे गेले, ते जायला नको होते.

आता आमचा स्वतःचा जुना रिपोर्ट. याच कोटिंगची पिन-ऑन-डिस्क चाचणी, म्हणजे फिरत्या चकतीवर बॉल दाबून घर्षण मोजणं, आम्हीच केली होती: १० मिमीचा बेअरिंग स्टीलचा बॉल, १० न्यूटन भार, सेकंदाला ०.१ मीटर वेग, १००० मीटर अंतर, कोरडी. एक फेरी पावणेतीन तासांची, अशा तीन. घर्षणांक, म्हणजे म्यू, ०.१२, पास. ड्रॉइंगवर तेवढंच लिहिलं होतं, आम्हीही तेवढंच केलं. पण टॅपेट आयुष्यभर तेलात चालतं. कोरड्या चाचणीतून त्याबद्दल फार थोडं कळतं आणि जे कळतं तेही हवेतल्या दमटपणावर हेलकावे खातं. हायड्रोजनयुक्त डीएलसीचं घर्षण कोरड्या हवेत कमी असतं आणि दमट हवेत वाढतं. पुण्याच्या जुलैतला आकडा आणि मार्चमधला आकडा शेजारी ठेवताना आर्द्रता लिहिलेली नसेल, तर ती तुलना करूच नये.

म्हणून बेंचवर वापरलेलं तेलच मागवलं. मागेपुढे सरकणाऱ्या ट्रायबोमीटरवर, म्हणजे घर्षण मोजणाऱ्या यंत्रावर, ५० न्यूटन भार लावला, म्हणजे १० मिमीच्या बॉलखाली सुमारे १.७ गिगापास्कल दाब. १० मिमी स्ट्रोक, सेकंदाला ५ फेऱ्या, १०० अंश, दोन तास. तापमान मोजणारं थर्मोकपल तेलाच्या भांड्यात नाही, नमुन्याला टेकवून. दोन्हींत काही अंशांचा फरक राहतो आणि तेलात मिसळलेल्या अॅडिटिव्हची रसायनं त्या फरकानेही बदलतात. दर वेळी बॉलची नवी बाजू, नमुना आधी हेप्टेनमध्ये, मग अॅसिटोनमध्ये अल्ट्रासॉनिक धुतलेला.

आधी नुसतं बेस ऑइल, म्हणजे अॅडिटिव्ह नसलेलं तेल. घर्षणांक ०.११, झिजेची रेघ जेमतेम दिसेल इतकी. मग इंजिनमधलं तेल, ज्यात घर्षण कमी करणारं मॉलिब्डेनमचं अॅडिटिव्ह, एमओडीटीसी, होतं. दहा मिनिटांत आकडा ०.०६ वर आला आणि दोन तास तिथेच सरळ रेषेत राहिला. मशिनवरचा मुलगा खूश झाला: "सर, म्यू अर्ध्यावर आला, कोटिंग भारी आहे." नमुना पुसला तर रेघ चांदीसारखी चमकत होती.

इथेच मी अजून अडकलो आहे. कोटिंग आरपार गेलं आणि आलेखाला त्याचा पत्ताही नाही. कारण कळतं: उघड्या पडलेल्या पोलादावर हेच अॅडिटिव्ह मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा निसरडा थर बसवतं, म्हणून घर्षण कमीच राहतं. पण पडद्यावर फक्त म्यू बघून पास-नापास ठरवणाऱ्या कितीतरी लॅब आहेत, आणि जुन्या रिपोर्टमध्ये आम्हीही तेच केलं होतं.

नंतर १५, ३०, ६० आणि १२० मिनिटांना चाचणी थांबवून खोली मोजली. वजन करून झीज काढण्याच्या फंदात पडू नये. ०.२ मिमी रुंद, १ मायक्रॉन खोल, १० मिमी लांब रेघेतून तीनेक मायक्रोग्रॅम जातो, आणि आपल्या तराजूची शेवटची पायरी १०० मायक्रोग्रॅमची. सुई फिरवून खोली मोजणाऱ्या स्टायलस प्रोफाइलोमीटरने रेघेवर चार ठिकाणी आडवं मोजायचं, तेही तेलातल्या अॅडिटिव्हने बसवलेला झिंक-फॉस्फेटचा थर ईडीटीए या रसायनाच्या द्रावणाने पुसून. नाहीतर अॅडिटिव्हचा थरच खड्डा भरून दाखवतो. ३० मिनिटांना १ मायक्रॉन, ६० ला २.१, १२० ला कोटिंग संपलेलं.

पोलादी बॉलऐवजी झिर्कोनियाचा, म्हणजे सिरॅमिकचा, लावला, तेच तेल, तोच भार. झीज जवळजवळ थांबली. म्हणजे या प्रकाराला समोर लोखंड लागतं. मॉलिब्डेनमची कठीण कार्बाइडं कोटिंग घासतात की त्याचे ऑक्साइड कार्बन खातात, यावर संशोधकांचं एकमत नाही. कॅम पोलादीच राहणार, त्यामुळे दोनच वाटा: तेल बदला, किंवा टीए-सी (ta-C) हे हायड्रोजनविरहित डीएलसी कोटिंग घ्या. ते या तेलात जास्त टिकतं, पण विद्युत आर्कने चढवताना पृष्ठभागावर बारीक थेंब बसतात आणि पॉलिश करावंच लागतं. ते पॉलिशिंग कोटेशनमध्ये आहे का, हे आधी विचारा.

आमच्या रिपोर्टमध्ये आता म्यूच्या शेजारी रेघेच्या खोलीचा रकाना आहे आणि तेलाचा बॅच नंबरही.

राहिली ती दोन काळी टॅपेटं. जाडी तीच, कडकपणा तोच, कोटिंगची बॅच तीच, इंजिन आणि तेलही तेच. त्यांच्यासमोरचे कॅमलोब कापून पाठवायला सांगितलं आहे. ते यायचे आहेत.