मागची शिक्षा कोर्टासमोर आणताना

काकांवर कोयता चालवणारा यापूर्वीही असल्याच प्रकरणात आत जाऊन आला होता, हे आमच्या किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक. कोर्टासमोर मात्र ते आलंच नव्हतं. खटला चालू असताना जुनी शिक्षा पुढे करायची नसते. चिडचिड व्हायची, पण पटायचंही. मागच्या गुन्ह्यावरून कोणी आजचा गुन्हा सिद्ध झाला असं धरायला नको.

सिंधुदुर्गातल्या ओरोसच्या सत्र न्यायालयात तो दोषी ठरला. घटना जुलै 2024 मध्ये नवी न्याय संहिता लागू होण्याच्या आधीची, म्हणून जुन्या भारतीय दंड विधानाचं (भादंवि) कलम 307, खुनाचा प्रयत्न. दुखापत झाली असेल तर दहा वर्षांपर्यंत कैद किंवा जन्मठेप. खालची मर्यादा काहीच नाही.

सरकारी वकिलांना विचारलं, "साहेब, दुसऱ्यांदा सापडलाय, आता आपोआप वाढेल ना?" त्यांनी भादंविचं कलम 75 समोर धरलं. पुन्हा दोषी ठरल्यास जादा शिक्षा आहे, पण ती खोटी नाणी, स्टॅम्प आणि मालमत्तेच्या गुन्ह्यांना. म्हणजे दुसऱ्यांदा चोरी केलीत तर हे कलम लागतं, दुसऱ्यांदा माणूस तोडलात तर नाही! नव्या न्याय संहितेच्या कलम 13 मध्येही तेच. बलात्कारासारख्या काही ठरावीक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा सापडलं तर वेगळी कडक तरतूद आहे. बाकी शिक्षेची ठरीव मार्गदर्शक तत्त्वं आपल्याकडे नाहीत. फौजदारी न्यायव्यवस्थेतल्या सुधारणांसाठी नेमलेल्या मलिमठ समितीने 2003 मध्येच ती सुचवली होती.

मग उरते शिक्षेच्या मुद्द्यावरची सुनावणी. तिथे जुनी शिक्षा मांडता येते, फक्त कागद हवा. प्रलंबित केसेसची यादी देऊन भागत नाही, दोषी ठरवलेला निकालच लागतो. तो शेजारच्या जिल्ह्यातला. ई-कोर्ट्सच्या वेबसाइटवर नावाने शोधलं तर त्याच नावाचे कितीतरी जण निघाले. वडिलांचं नाव, गाव जुळवत केसचा नंबर काढला आणि निकालाच्या नकलेसाठी, म्हणजे प्रमाणित प्रतीसाठी, तिथल्या नक्कल विभागात कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज टाकला. नक्कल आली तरी काम संपत नाही. तो हाच माणूस, हेही दाखवावं लागतं. त्यासाठी तुरुंगाच्या नोंदी पोलिसांनी आणल्या.

हे सगळं धावपळीत चाललेलं असताना काका आपले ओसरीवर बसून. रापणीचं मासेमारीचं जाळं ओढणाऱ्या उजव्या हाताची तीन बोटं मिटत नाहीत. म्हणाले, "तेका धा वर्सां दिल्यानी तर माझो हात बरो होतलो काय?"

सुनावणीला न्यायाधीशांनी आरोपीला विचारलं, शिक्षेबद्दल काही सांगायचं आहे का. म्हातारी आई, लहान मुलं, एकटा कमावता. त्याच्या वकिलांनी "पहिलाच गुन्हा" म्हणायला तोंड उघडलं आणि सरकारी वकिलांनी नक्कल पुढे सरकवली. ते वाक्य तिथेच राहिलं.

सात वर्षं सक्तमजुरी लागली. दंडातून काकांना भरपाई मिळायची आहे. खटला चालू असतानाच्या कच्च्या कैदेतले दिवस मात्र शिक्षेतून वजा होणार.

आम्हाला सात कमी वाटतात. पण शिक्षा कमी आहे म्हणून पीडिताला स्वतः अपील करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये परविंदर कंसल प्रकरणात हे स्पष्ट केलंय. निर्दोष सुटका, हलक्या कलमाखाली दोषी ठरवणं किंवा अपुरी भरपाई, एवढ्यासाठीच आपलं दार उघडं. शिक्षा वाढवून मागायची ती सरकारने. तसा अर्ज देऊन ठेवला आहे. सरकारने मनावर घेतलंच, तर आता मुंबई गाठायला नको. ऑगस्ट 2025 पासून सिंधुदुर्गची प्रकरणं मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात.