घोटा मुरगळला की लगेच चोळू नका

आज धाकट्या भावाला घेऊन साताऱ्यात हाडांच्या डॉक्टरांकडे गेले होते. अजिंक्यताऱ्यावरून पळत उतरताना त्याचा पाय आत वळला आणि घोटा टम्म सुजला. आई गरम तेल घेऊन तयारच होती.

डॉक्टरांनी आधी एक्स-रे लिहून दिला नाही, हे मला फार आवडलं. पाय नेमका कसा वळला ते विचारलं. मग घोट्याच्या दोन्ही हाडांची मागची कड खालून ६ सेंटिमीटरपर्यंत दाबून पाहिली, करंगळीकडच्या लांब हाडाचं टोक आणि पायाच्या आतल्या बाजूचं हाड दाबलं, ४ पावलं चालायला लावलं. तिथे दुखलं असतं किंवा चालता आलं नसतं, तरच एक्स-रे. कॅनडातल्या ओटावा शहरात १९९२ च्या सुमारास डॉक्टरांनी तयार केलेली ही तपासणी आहे.

भावाच्या घोट्याची बाहेरच्या बाजूची लिगामेंट, म्हणजे हाडांना हाडं जोडणारा चिवट पट्टा, ताणली गेलीय. सध्या फडक्यात गुंडाळलेला बर्फ, क्रेप बँडेज, पाय उशीवर. पहिले दोन-तीन दिवस शेक नाही, मालीश तर अजिबात नाही.

खरं महत्त्वाचं पुढे आहे. सूज गेली की पोरं थेट यवतेश्वर घाटात पळायला जातात. लिगामेंट दुखावली की तोल सांभाळायची जाणीवही कमी होते, म्हणून तोच घोटा पुन्हा वळतो. एका पायावर उभं राहणं, टाचा उचलणं, हे व्यायाम काही आठवडे करावेच लागतात.

हिल मॅरेथॉनची तयारी करणाऱ्या तुमच्या घरातल्या मुलांना हे नक्की वाचायला द्या.