सिफ्नोस बेटावरची रेविथादा

ग्रीक स्वयंपाक म्हटला की बहुतेकांना मुसाका आणि फेटा चीज आठवते; मला मात्र एजियन समुद्रातील सिफ्नोस बेटावरची रेविथादा त्याची खरी ओळख वाटते. भिजवलेले काबुली चणे, भरपूर कांदा, ऑलिव्ह तेल, तमालपत्र, मीठ आणि पाणी, एवढेच साहित्य. शनिवारी संध्याकाळी हे सारे स्केपास्तारिया या झाकणाच्या मातीच्या भांड्यात भरून लाकडाच्या भट्टीत ठेवतात आणि रविवारी चर्चमधील प्रार्थना आटोपल्यावर घरी नेऊन खातात. रात्रभराच्या मंद आचेने कांदा पार विरघळून रस दाट होतो, चणा मात्र अख्खा राहूनही जिभेने दाबताच लोण्यासारखा विरतो. वर लिंबू पिळायचे. पूर्वी यासाठी टाक्यांत साठवलेले पावसाचे पाणी वापरत, कारण जड पाण्यात कडधान्य नीट शिजत नाही, हे आपल्याकडेही अनुभवाने ठाऊक आहे. कुंभारकाम हा बेटाचा जुना व्यवसाय. ईस्टरला द्राक्षवेलीच्या काटक्यांवर कोकराचे मटण रचून, रेड वाइन आणि शेपू घालून जे मस्तेलो करतात, त्यासाठीही मातीचे वेगळे भांडे असते.

घरी भट्टी नसल्यास झाकणबंद जाड भांडे मंद ओव्हनमध्ये चार-पाच तास ठेवावे. कुकरमध्ये चणे शिजतील, पण रसाला तो दाटपणा येणार नाही.