पुढची चार वर्षं गाडी रद्द

आमच्या अमळनेरच्या विज्ञानकथा वाचक मंडळाचा मेळावा थंडीतच का भरतो, याचं खरं कारण वांगी हे आहे. भरताची वांगी बाजारात यायला लागली, शेतात कपाशीच्या पऱ्हाट्या वाळल्या, की कार्यकारिणीला एकदम साहित्याची आठवण येते. चिटणीस या नात्याने मी हे लिहायला नको, पण हजेरीचं रजिस्टर माझ्याकडे असतं आणि त्यात सगळं दिसतं. साडेदहाच्या कार्यक्रमाला सह्या किती आणि पंगतीला पानं किती, याचा हिशेब मी आजवर जाहीर केलेला नाही. करणारही नाही. फक्त इतकंच म्हणतो, की ज्यांच्या घरी दर वर्षी नेमकं त्याच रविवारी लग्न असतं, त्यांची मुलं एव्हाना दोन-दोनदा बोहल्यावर चढली असली पाहिजेत.

दीपप्रज्वलन, सरस्वतीपूजन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ आणि पाहुण्यांचे चार शब्द हे सगळीकडे होतं तसंच आमच्याकडे होतं. ते चार शब्द कधीच चार नसतात, त्यामुळे मी तेवढ्या वेळात माइकवाल्याशी भाड्याचं बोलून घेतो.

मी वाट पाहतो ती नानांच्या भाषणाची. नाना एसटीच्या डेपोत वाहतूक नियंत्रक होते. सगळं आयुष्य त्यांनी गाड्या पुकारल्या, आणि तोच आवाज, तीच ठेवण त्यांच्या भाषणात उतरली. विषय दर वर्षी एकच: जगात विज्ञानकथेच्या वाचकांचे मेळावे कसे सुरू झाले. नवख्या माणसाला वाटतं, हे काय, मागच्या वर्षीचंच! आम्हाला मात्र ते तेच आणि तसंच हवं असतं.

सुरुवात ह्यूगो गर्न्सबॅकपासून. १९२६ साली त्याने अमेरिकेत निव्वळ विज्ञानकथांचं मासिक काढलं आणि त्यात वाचकांची पत्रं पूर्ण पत्त्यांसकट छापली. लोकांनी संपादकाला सोडून एकमेकांनाच पत्रं लिहायला सुरुवात केली. त्यातून मंडळं निघाली, मंडळांतून भेटी ठरल्या. इथे नाना थांबायचे आणि आमच्या मंडळाचा जन्म सांगायचे. लायब्ररीतलं विज्ञानकथेचं कुठलंही पुस्तक घ्या, मागच्या चिठ्ठीवर नानांच्या आधी एकच सभासद क्रमांक. सारखा तोच. शेवटी नानांनी ग्रंथपाल भाऊंना विचारलं, हा प्राणी कोण? तो प्राणी म्हणजे मी. हे ऐकताना मी दर वर्षी खाली मान घालून बसतो आणि दर वर्षी मला आवडतं.

मग १९३६. ऑक्टोबरात न्यूयॉर्कची मूठभर पोरं आगगाडीने फिलाडेल्फियाला गेली, तिथल्या वाचकांना भेटली आणि म्हणाली, हेच आपलं संमेलन. नाना लगेच जोडायचे, "त्याच वर्षी डिसेंबरात आपल्या फैजपूरला काँग्रेस भरली. खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. अध्यक्ष पंडित नेहरू, सजावट नंदलाल बोस यांची." दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. पण सभागृहात रावेर-यावलकडचं कोणी असलं की टाळी हमखास.

इंग्रजांना फिलाडेल्फिया मान्य नाही. त्यांचं म्हणणं, पोरं सहज भेटली त्याला संमेलन कसं म्हणायचं? आधी ठरवून, हॉल घेऊन भरलं ते लीड्सचं, ३ जानेवारी १९३७, थिऑसॉफिकल हॉल. आले होते वीसेक जण. त्यांत एकोणीस वर्षांचा आर्थर क्लार्क, पुढे मोठा विज्ञानकथाकार झालेला. हा आकडा सांगताना नाना माझ्याकडे बघायचे, कारण आमच्या रिकाम्या खुर्च्यांवरून माझा जीव खालीवर होतोय हे त्यांना ठाऊक असायचं. "वीस म्हणजे वीस, चिटणीस," असं माइकवरूनच. माझी त्याने समजूत पटत नाही. वीस जणांत एक क्लार्क असेल तर ठीक आहे, आमच्या वीस जणांत सहा जण मंडपवाल्याची माणसं असतात.

१९३९ आलं की आवाज बदलायचा. न्यूयॉर्क, जुलैची २ ते ४ तारीख, पहिलं जागतिक संमेलन. शहरात त्या वेळी मोठं जागतिक प्रदर्शन चालू, 'उद्याचं जग' हा त्याचा विषय. संमेलनाला माणसं दोनशेच्या आसपास. रे ब्रॅडबरी नावाचा अठरा वर्षांचा मुलगा उसन्या पैशांवर लॉस एंजेलिसहून आला, तोही बसने. पुढे तो केवढा लेखक झाला ते सगळ्यांना माहीत, पण नानांना कौतुक बसचं. अमेरिकेचा हा काठ ते तो काठ, बसने! "आणि लोक मला चोपड्याहून येता येत नाही म्हणून सांगतात."

त्याच संमेलनाला फॉरेस्ट अ‍ॅकरमन भविष्यकाळातले कपडे घालून आला होता. आज जगभर असल्या मेळाव्यांत जी वेशभूषेची जत्रा असते, तिचं मूळ तिथे. नाव अ‍ॅकरमनचं निघतं; ते कपडे शिवले मायर्टल डग्लसने, आणि ती स्वतःही तसाच पोशाख घालून हिंडली. नाना तिचं नाव पूर्ण घ्यायचे आणि मग सभागृहाच्या मागच्या दाराकडे हात करायचे. तिथे आमच्या आक्का उभ्या असायच्या, तोंडात टाचण्या धरून, कोणा पोराच्या अंगावर चांदीचा कागद बसवत. बालगटाची वेशभूषा आक्कांनी शिवणयंत्रावर उभी केली. रोबो, मंगळावरची बाई, एकदा तर कापसाचं बोंडसुद्धा, कारण त्या मुलीला तेच व्हायचं होतं. दोन वर्षं आभारात आक्कांचं नाव राहून गेलं होतं. तेव्हा आभार मी मानत नव्हतो, हे नोंदवून ठेवतो.

आणि मग नानांचा तो भाग, ज्यासाठी मी रुमाल खिशाच्या वर ठेवतो. न्यूयॉर्कच्या त्या पहिल्या संमेलनात दारावरच सहा पोरांना अडवलं. भांडण वाचकांच्याच दोन गटांचं होतं. पत्रकं, राजकारण, कोण कोणाला काय बोललं. आत जगाच्या भविष्याच्या गप्पा, आणि बाहेर सहा जण, ज्यांनी या कथांवर आत बसलेल्यांइतकाच जीव टाकलेला. त्यांच्याच गटातला आयझॅक असिमोव्ह मात्र आत गेला. अडवलेल्यांत फ्रेडरिक पोल होता, तीन वर्षांपूर्वी फिलाडेल्फियाला गेलेल्यांपैकी एक. इथे नाना पाणी प्यायचे. मग डेपोतला आवाज लावून, एकेक शब्द सुटा: "१९७२. लॉस एंजेलिस. जागतिक संमेलन. सन्माननीय पाहुणे, फ्रेडरिक पोल." पुढे एक अक्षर नाही. मला हे पाठ आहे, तरी दर वर्षी घसा दाटतो.

याचा परिणाम म्हणून नानांनी मंडळात एक नियम करून घेतला: दारावर कोणी बसायचं नाही. टेबल नाही, फी नाही, नाव विचारणं नाही. रजिस्टर आत, चहाच्या किटलीजवळ. तत्त्व म्हणून मला मान्य आहे. पण चिटणीस म्हणून सांगतो, लोक चहा घेतात आणि पेनकडे बघतही नाहीत. भूतकथा विज्ञानकथेत धरायच्या की नाही यावरून रुसून जी मंडळी वेगळी झाली, तीही चहाच्या वेळेला येऊन जातात. नाना त्यांना पुढच्या रांगेत बसवायचे.

पुढचं सगळं वेळापत्रक. "१९४० शिकागो. १९४१ डेनव्हर. युद्धामुळे पुढची चार वर्षं गाडी रद्द. १९४६ लॉस एंजेलिस, पूर्ववत." १९४८ टोरांटो, १९५७ लंडन, १९७० हायडेलबर्ग, २००७ योकोहामा, शेवटी शेवटी २०२३ चेंगदू. १९५३ ला फिलाडेल्फियात पहिल्यांदा ह्यूगो पुरस्कार दिले, गर्न्सबॅकच्या नावाचे. १९७२ च्या जानेवारीत न्यूयॉर्कला एका दूरदर्शन मालिकेच्या चाहत्यांचा मेळावा झाला. आयोजकांनी काही शे माणसं धरली होती, आली तीन हजारांच्या वर. (हा आकडा आला की भरताचा ठेका घेतलेले बापू मोठ्याने "देवा!" म्हणायचे.) आणि समारोप ठरलेला: "भारतात अद्याप थांबा नाही. मागणी नोंदवलेली आहे."

मराठीबद्दल नाना एकच गोष्ट सांगायचे. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला १९७४ साली नारायण विनायक जगताप या नावाने एक कथा आली आणि पहिली आली. लेखक निघाले जयंत विष्णू नारळीकर. आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं नाव. एवढा मोठा शास्त्रज्ञ इतरांबरोबर रांगेत उभा राहिला, हे नानांना फार भिडायचं. २०२१ ला नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष नारळीकर झाले तेव्हा आम्ही एक गाडी करून गेलो. प्रकृतीमुळे त्यांना येता आलं नाही. नाना नाराज झाले नाहीत. ज्यांनी गाडीत जागा धरून ऐनवेळी फोन बंद ठेवला त्यांच्यावर मात्र मी अजून नाराज आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत ९७वं संमेलन खुद्द अमळनेरात भरलं. गावाला केवढा अभिमान! पण तेवढ्या पाहुण्यांची सरबराई केलेल्या गावाला त्यानंतर आमच्या मेळाव्याला यायचं त्राण उरलं नसावं, असं रजिस्टर सांगतं.

भाषणानंतरची अहिराणी नाटिकाही सांगायला हवी. परग्रहावरचा माणूस कपाशीच्या शेतात उतरतो आणि विचारतो, "आठे पानी शे का?" शेतकरी त्याला कोरडं बोअर दाखवतो. मग तो तीनशे वर्षं पुढे जाऊन परत येतो आणि विचारतो, आमचं वर्षानुवर्षं रखडलेलं पाडळसे धरण झालं का? यापुढचे संवाद कधीच ऐकू आलेले नाहीत, इतका हशा होतो.

टाळेबंदीच्या वर्षी मेळावा मोबाइलवर घेतला. न्यूझीलंडचं २०२० चं जागतिक संमेलनही पडद्यावरच झालं होतं, म्हणून आम्हाला कमीपणा वाटला नाही. नानांचं फक्त कपाळ दिसत होतं आणि रेंज जाऊन येऊन होती, त्यामुळे लीड्सनंतर एकदम योकोहामा आलं. अलीकडे नानांना उभं राहवत नाही. भाषण नात वाचते, नाना पहिल्या रांगेतून सालं दुरुस्त करतात. पोलच्या ठिकाणी ती थांबत नाही, सरळ वाचून टाकते. पण गेल्या खेपेला पाणी मागितलं तिने.

आता आभार, कारण सभागृहात घाईत होतात आणि मग घरोघरी तोंडं फुगतात. पहाटे चारला पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजणारे बापू आणि त्यांचे दोघे मेहुणे. लाकडी बडगीत भरीत घोटणारे तरुण मंडळाचे गडी. कळण्याच्या भाकरी थापणाऱ्या वाड्यातल्या काकू, मामी आणि त्यांच्या जाऊबाई. पुऱ्या वेगळ्या लागतात त्यांच्यासाठी पुऱ्या लाटणाऱ्या शाळेतल्या ताई. हॉलची किल्ली देणारे आणि स्वतः झाडूही मारणारे ग्रंथपाल भाऊ. माइकवाला, ज्याने भाडं वाढवलं नाही. जनरेटरवाला, ज्याने वाढवलं. फलकावर सुंदर अक्षरात शनी ग्रह काढणारे चित्रकलेचे सर. रात्री स्टेशनवर पाहुण्यांना घ्यायला जाणारे जिभाऊ, गाडी तीन तास लेट असतानाही. धुळ्याहून, पारोळ्याहून, चोपड्याहून स्वतःच्या खर्चाने येणारे वाचक. आक्का. आक्कांच्या यंत्रात तेल घालून देणारे त्यांचे यजमान. चपला राखणारा पोरगा, ज्याचं नाव मी विचारलं होतं आणि ज्याने "तुमी लिखू नका" म्हणून सांगितलं.

कोणी राहिलं असेल तर चहाच्या किटलीजवळ रजिस्टर आहे, त्यात स्वतः लिहावं. यंदा भरीत दीडला आहे, नानांच्या भाषणानंतर. आधी नाही.