सिग्नलवर बंद पडणारा एसी : मे महिन्यापर्यंतची प्रगती

नागपुरात मिहानकडून शहरात येताना वर्धा रोडवर उत्तम थंडावा देणारा एसी अजनी चौकाच्या सिग्नलवर दोन-तीन मिनिटे थांबावे लागले की साधी हवा फेकू लागतो आणि गाडीने वेग घेतला की आपोआप पूर्ववत होतो, हे माझ्या जुन्या पेट्रोल हॅचबॅकचे दुखणे. रात्री हा त्रास जवळजवळ नसतो. ज्या गॅरेजमध्ये गाडी दाखवली तेथे बोनेट उघडण्यापूर्वीच "भाऊ, गॅस कमी आहे" असे निदान झाले, गॅस भरला गेला आणि त्यानंतर एसी पूर्वीपेक्षा लवकर बंद पडू लागला. गॅस भरल्यावर दुखणे वाढते याचाच अर्थ गॅसची कमतरता हे त्याचे कारण नसावे, एवढे तेव्हाच लक्षात आले होते.

एसीचा गॅस दाबणारा कॉम्प्रेसर स्वतःहून क्वचितच थांबतो; बहुतेक वेळा त्याला कोणीतरी थांबवते. दाब फार कमी झाला किंवा फार वाढला तर प्रेशर स्विच, कूलिंग कॉइलवर बर्फ धरण्याची वेळ आली तर थर्मिस्टर (तापमान मोजणारा सेन्सर) आणि इंजिन तापले तर ईसीएम (इंजिनाचा संगणक) त्याचा वीजपुरवठा तोडतो. याखेरीज रिले (विजेवर चालणारा स्विच) किंवा कॉम्प्रेसरला इंजिनाशी जोडणाऱ्या क्लचची कॉइल गरम होऊन दगा देऊ शकते. त्यामुळे "गॅस किती आहे" यापेक्षा "पुरवठा कोणी तोडला" हा प्रश्न आधी सोडवावा असे ठरवले.

दाब मोजणारे गेज लावून गाडी रस्त्यावर चालवणे धोक्याचे असल्यामुळे भर दुपारी घरासमोरच्या उन्हात, बाहेर ४४ अंश तापमान असताना, इंजिन आयडलवर ठेवून चाचणी घेतली. क्लचच्या वायरला टेस्टलॅम्प जोडला होता. टक् असा आवाज होऊन क्लच सुटला त्याच क्षणी दिवाही विझला. म्हणजे वीज वरूनच तोडली जात होती आणि क्लचची कॉइल निर्दोष होती. जाळीतून येणारी हवा तेव्हा १७ अंशांची होती, त्यामुळे थर्मिस्टरवर संशय घेण्याचे कारण उरले नाही. स्कॅनरवर कूलंटचे तापमान ९६ अंश दिसत होते, म्हणून ईसीएमवरचा संशयही मिटला. खरे उत्तर उच्च दाबाच्या लाल गेजवर होते : काटा २७० पीएसआयवरून (पीएसआय हे दाबाचे एकक) संथपणे चढत ४०० च्या पुढे गेला, क्लच सुटला, काटा उतरला, क्लच पुन्हा लागला आणि काटा पुन्हा चढू लागला.

या आकड्याचा अर्थ तापमानात पाहिला तर गांभीर्य कळते. एसीतला आर-१३४ए हा वायू २०० पीएसआयला सुमारे ५५ अंशांवर द्रवरूप होतो, तर ४०० पीएसआयला ८० अंशांच्याही पुढे. म्हणजे ४४ अंशांच्या हवेतही आपली उष्णता बाहेर टाकण्यासाठी कंडेन्सरला (गॅस थंड करून द्रव करणाऱ्या पुढच्या जाळीला) ऐंशीच्या वर तापावे लागत होते. हवा त्याच्यातून पुरेशी वाहत नाही, गॅस जास्त झाला आहे किंवा गॅसमध्ये हवा मिसळली आहे, या तीनपैकी किमान एक गोष्ट खरी असणार.

मगाने कंडेन्सरवर पाणी ओतताच काटा झरझर खाली आला आणि पाणी ओतत राहिलो तोवर क्लच एकदाही सुटला नाही. विदर्भातल्या माणसाला याचे नवल वाटू नये. गाळाने बसलेल्या खसच्या ताटीमागे कूलरचा पंखा कितीही फिरला तरी खोली थंड होत नाही, तसेच येथे चालले होते.

पुढचा बंपर उतरवल्यावर त्याची खात्री पटली. कंडेन्सर समोरून स्वच्छ दिसत होता, पण त्याच्या आणि रेडिएटरच्या मधल्या बोटभर फटीत काटेसावरीच्या कापसाचा आणि धुळीचा नमद्यासारखा थर बसला होता. एप्रिल-मेमध्ये बोंडे फुटली की हा कापूस हवेत तरंगत असतो, आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशीच ते झाड आहे. हा थर मागच्या बाजूने, कमी दाबाच्या पाण्याने काढावा. प्रेशर वॉशर जवळून मारल्यास पातळ पत्र्या आडव्या होतात आणि हवेची वाट कायमची बंद होते.

कंडेन्सरचा पंखा मात्र अधिक फसवा निघाला. गाडी थंड असताना तो जोरात फिरे, त्यामुळे कोणीही त्याला दोष दिला नव्हता. वीस मिनिटे उन्हात चालल्यावर त्याचा आवाज बदलून पाती डोळ्यांना मोजता येतील इतकी मंदावली, आणि कनेक्टरवर तर १३.४ व्होल्ट व्यवस्थित येत होते. मोटर उघडली तेव्हा आत काळी भुकटी सांडली; एक कार्बन ब्रश तिरका झिजून जेमतेम नखाएवढा उरला होता. वाहत्या रस्त्यावर समोरचा वारा हे काम करत असल्याने दोष झाकला जात होता. मोटर नवीन बसवली.

त्यानंतर यंत्राने गॅस काढून तोलला. बोनेटखालच्या पट्टीवर ३५० ग्रॅम लिहिले असताना ४३० ग्रॅम निघाला, म्हणजे अंदाजाने भरलेल्या गॅसचाही या भानगडीत वाटा होता. व्हॅक्यूम अर्धा तास ठेवला, गळती नसल्याचे पाहिले आणि वजन करूनच गॅस भरला. गॅस वाऱ्यावर सोडून देणारे गॅरेज मी टाळतो. एक किलो आर-१३४ए हवामानाला सुमारे १,४०० किलो कार्बन डायऑक्साइडइतका तापवतो.

सध्या ४४ अंशांत आयडलवर उच्च दाब ३०० पीएसआयच्या आसपास स्थिरावतो आणि क्लच सुटत नाही. मात्र गाडी भिंतीसमोर उभी असली तर दाब ३४० पर्यंत सरकतो. कंडेन्सरच्या कडेची फोमची पट्टी गळून गेलेली असल्यामुळे रेडिएटरची गरम हवा वळून पुन्हा पुढे येत असावी असा माझा कयास आहे. नवतपा लागण्यापूर्वी ती पट्टी बसवून त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा आकडे घेणार आहे. ज्यांनी अशी पट्टी बाजारातल्या साध्या फोमची बसवली असेल, त्यांनी ती उन्हाळाभर टिकली का ते कळवावे.