पिस्टन एकदाचा तरंगला!

रविवार, रात्री उशिरा

मी घरी बनवतोय त्या छोट्या इंजिनाचा पिस्टन आज बसला. नुसता सिलिंडरमध्ये गेला असं नाही, जसा बसायला हवा तसा बसला, आणि दुपारपासून मी घरात येईल त्याला तेच दाखवत सुटलोय. सिलिंडर उभा धरायचा, खालचं तोंड अंगठ्याने घट्ट दाबायचं आणि वरून पिस्टन सोडायचा. तो पडत नाही, आतल्या हवेवर तरंगतो, अगदी सावकाश खाली सरकतो. अंगठा काढला की स्वतःच्या वजनाने सर्रकन खाली. तेल नाही, रिंग नाही, रबर नाही. कास्ट आयर्नचा पिस्टन, ब्रासचा सिलिंडर आणि मधे काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जागा, बस्स.

इंजिन स्टर्लिंगचं आहे, म्हणजे बाहेरून तापवलेल्या हवेवर चालणारं, स्पिरिटच्या दिव्यावर फिरणारं, टेबलावर मावणारं. कास्टिंगचा, म्हणजे ओतीव भागांचा किट मुद्दाम घेतला नाही, प्लॅन घेतला आणि सगळं धातूच्या बारमधूनच कापून काढायचं ठरवलं. विकत तयार मिळतात की अशी इंजिनं, मुलगी पण म्हणाली बाबा ऑर्डर करून टाका ना. पण मला इंजिन हवं होतं त्यापेक्षा ते का फिरतं हे हाताला कळायला हवं होतं.

प्लॅन अमेरिकन, म्हणजे सगळी मापं इंचात. सिलिंडरचं भोक (बोअर) 5/8 इंच, म्हणजे 15.875 मिमी, आता तेवढ्यासाठी वेगळा रीमर (भोक अचूक मापाला आणणारं हत्यार) कुठे शोधत बसणार, सरळ 16 चा रीमर घातला. शाफ्ट 1/8 इंच होता तो 3 मिमी केला, कारण 623 नंबरचं बेअरिंग कुठेही मिळतं. पण एक माप बदललं की त्याला चिकटलेली चार बदलतात, म्हणून आधी पूर्ण ड्रॉइंग मेट्रिकमध्ये नव्याने काढून घेतलं, मगच लेथ चालू केला. आणि हो, तिकडचं ड्रॉइंग थर्ड अँगल पद्धतीने मांडलेलं असतं, आपण शिकलो फर्स्ट अँगल, त्यामुळे साइड व्ह्यू आपल्या सवयीच्या उलट्या बाजूला असतो. क्रँककडच्या ब्रॅकेटला हात घालण्याआधी मी त्याचं पुठ्ठ्याचं मॉडेल करून टेबलावर ठेवलं होतं, समोर वस्तू दिसली की शंका राहत नाही.

ड्रॉइंगवर पिस्टनपाशी फक्त एवढंच लिहिलंय की सिलिंडरला लॅप करा, म्हणजे बारीक पेस्टने घासून तंतोतंत मापाला आणा. एका ओळीत संपवलंय! माझे तर त्याच ओळीत कितीतरी रविवार गेले. पिस्टन थेट सिलिंडरमध्ये पेस्ट लावून घासायचा नाही हे मला आमच्या जुन्या टर्नर काकांनी सांगितलं, ब्रास मऊ, पेस्टचे कण त्यात रुततात आणि मग ते आयुष्यभर पिस्टन खात बसतात. म्हणून अॅल्युमिनियमची चिरलेली रिंग केली, ती पिस्टनवर बाहेरून चढवायची, स्क्रूने किंचित आवळायची, मेटल पॉलिश लावून पुढेमागे फिरवायची. मग पेट्रोलने धुवायचं, पुसायचं, सिलिंडरमध्ये घालून बघायचं. परत तेच.

काकांचं एक वाक्य या कामात खूप उपयोगी पडलं. "अरे, हातात धरून गरम केलेला जॉब मोजू नकोस, ठेव खाली, चहा घे." जॉब म्हणजे आपण घडवतोय तो भाग. खरंच हिशोब करून बघितला, 16 मिमीचा ब्रास 30 अंशांनी तापला तर साधारण 9 मायक्रॉन वाढतो, म्हणजे आपण ज्या फटीसाठी जीव टाकतोय जवळपास तेवढाच. लेथवरून गरम गरम काढून मोजलेलं माप काय कामाचं.

एवढा आटापिटा का, तर या इंजिनात ताकदच फार थोडी असते. बंद जागेतली तीच हवा एका टोकाला तापते, दुसऱ्या टोकाला निवते, तेवढ्यावर सगळं चाललेलं. डिस्प्लेसर नावाचा दुसरा दट्ट्या त्या हवेला इकडून तिकडे ढकलतो, तो भोवती चांगला मिलिमीटरभर सैल असावा लागतो, पॉवर पिस्टन, म्हणजे आज बसवला तो, मात्र हवा सोडता कामा नये आणि अडकताही कामा नये. दोघांच्या क्रँकमध्ये 90 अंशांचं अंतर. दुचाकीच्या इंजिनात थोडं घर्षण जास्त झालं तर पेट्रोल जास्त जातं, यात ते फिरतच नाही. म्हणून नव्या बेअरिंगमधलं ग्रीससुद्धा धुवून काढलं, त्या घट्ट ग्रीसचा ओढा पण याला जड जातो.

हे ज्याला सुचलं तो रॉबर्ट स्टर्लिंग स्कॉटलंडमधला पाद्री होता, पेटंट 1816 चं. वाफेच्या बॉयलरसारखं उच्च दाबाने फुटायची भीती यात नव्हती, अडचण होती ती गरम टोकाची, त्या काळचं लोखंड सतत तापून जळून जायचं. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. आपल्याकडे वीज नव्हती तेव्हा याच तत्त्वावरचे घासलेटचे पंखे वापरात होते, खाली दिवा आणि वर पाती. असा एक चालू पंखा डोळ्यांनी बघायची माझी फार इच्छा आहे.

फ्लायव्हील लावून थंडच फिरवून बघितलं. हाताला दाब जाणवतो, सोडलं की चाक किंचित उलटं येतं, म्हणजे हवा कोंडली जातेय. पण दोन-तीन सेकंदांत तो दाब मरतो. पिस्टनची शंका नाही, गळती डिस्प्लेसरच्या रॉडपाशी आहे, साबणाचं पाणी लावलं तर तिथेच बुडबुडे. प्लॅनमध्ये तिथला बुश, म्हणजे रॉड ज्यातून सरकतो ती नळी, मला आखूडच वाटत होता. ब्राँझचा लांब बुश करणार, दीडपट तरी, आतून रीम आणि मग रॉडलाही तसंच हलकं लॅपिंग. पिस्टनला जो वेळ दिला तोच इथे द्यावा लागणार आणि मी तो आनंदाने देणार आहे. ब्राँझचा तुकडा पाहून ठेवलाय, रीमर उद्या संध्याकाळी काकांकडून आणतो. दिवा त्यानंतरच पेटवायचा.